हरता डाव कसा खेळावा?
खर्ड्याच्या रणांगणापासून 'रिस्क'च्या पटापर्यंत

प्रतिनिधी

वाशी (जि. धाराशिव) - दिवाळीच्या सुटीत येथील एका घराच्या ओसरीवर जगाचा नकाशा पसरला होता. बाहेर तेरखेड्याच्या फटाक्यांचे आवाज, आत चार भावंडे आणि मध्ये 'रिस्क' हा पाश्चात्त्य बैठा खेळ. पुण्याहून आलेल्या थोरल्या भावाने उत्तर अमेरिका आणि युरोप असे दोन खंड गिळंकृत केले होते. सर्वांत धाकटा, सहावीतला मुलगा दक्षिण अमेरिकेच्या एका कोपऱ्यात उरला होता. त्याने फासे खाली ठेवले आणि जाहीर केले, ''मला आता खेळायचं नाही. हारलोच की मी.'' ताईने समजावले, ''अरे, अजून तीन देश हायत की तुझे!'' त्यावर त्याचे उत्तर असे, ''मग ते तूच घे सगळे. दादाला नको मिळायला.''

या एका वाक्यात बहुखेळाडू युद्धखेळांतील सर्वांत अवघड प्रश्न सामावलेला आहे. जिंकणाऱ्याने कसे खेळावे, हे सांगणारे पुष्कळ असतात. हरणाऱ्याने कसे खेळावे, हे मात्र क्वचितच कोणी सांगते. चार जण खेळतात तेव्हा तिघे हरणार हे ठरलेलेच असते, म्हणजे पटावर बहुसंख्य नेहमी हरणाऱ्यांचीच. (वाशी म्हटले की नवी मुंबई आठवणाऱ्या वाचकांसाठी खुलासा - ही वाशी बालाघाटाच्या डोंगररांगांतली, भूम आणि कळंबच्या शेजारची. आणि या विषयाशी तिचा संबंध निव्वळ योगायोगाचा नाही. तो पुढे येईलच.)

दोघांचा डाव आणि चौघांचा डाव

बुद्धिबळात दोन खेळाडू असतात. एकाचे नुकसान तोच दुसऱ्याचा फायदा. वजीर गेला, हत्ती गेला, तर समोरच्याच्या चुकीची वाट पाहण्यापलीकडे फारसे काही हाती राहत नाही. म्हणूनच अनुभवी बुद्धिबळपटू हरता डाव सोडून देतो आणि त्यात कमीपणा मानला जात नाही.

तीन किंवा अधिक खेळाडू पटावर आले की हा हिशेब मोडतो. येथे दुबळ्याचे नुकसान म्हणजे सर्वांचा फायदा नव्हे, ते कोणा एकाचाच फायदा असते आणि उरलेल्यांना तो खपत नाही. सर्वांत बलाढ्य खेळाडू आपोआपच सर्वांचा शत्रू ठरतो आणि सर्वांत दुबळा कोणाचाच शत्रू राहत नाही. हरणाऱ्याचे पहिले भांडवल हेच. ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. अकराव्या शतकात अल्-बिरुनीने हिंदुस्थानातील चालीरीतींचे वर्णन करताना चार जणांनी फाशांवर खेळायच्या बुद्धिबळाची नोंद करून ठेवली आहे. चार राजे, चार सैन्ये, एकच पट. सारीपाटही चौघांचाच. युरोपीय पद्धतीचे दोघांचे बुद्धिबळ घरोघर रुजले आणि हे चौघांचे राजकारण मात्र मागे पडले.

'रिस्क'चा जन्म फ्रान्समधला. आल्बेर लामोरीस या फ्रेंच चित्रपट दिग्दर्शकाने तो रचला आणि 1957 मध्ये तो 'जग जिंकणे' अशा अर्थाच्या फ्रेंच नावाने बाजारात आला. पटावर 42 प्रदेश आणि सहा खंड असतात. आपल्या पाळीच्या आरंभी खेळाडूला नवे सैन्य मिळते. ताब्यातील प्रदेशांच्या संख्येला तीनने भागायचे, अपूर्णांक सोडून द्यायचा. मात्र भागाकार कितीही लहान आला तरी किमान तीन सैन्ये मिळतातच. अखंड खंड ताब्यात असेल तर त्याची वेगळी भर - आशियाची 7, युरोप आणि उत्तर अमेरिका यांची प्रत्येकी 5, आफ्रिकेची 3, दक्षिण अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया यांची प्रत्येकी 2. एका पाळीत निदान एक प्रदेश जिंकला तर एक पत्ता मिळतो. तीन पत्त्यांचा जुळणारा संच मोडला की जादा सैन्य मिळते, आणि प्रत्येक संचागणिक ही संख्या वाढत जाते - 4, 6, 8, 10, 12, 15 आणि त्यानंतर पाच-पाचने. एखाद्याला पटावरून पूर्ण उठवले, तर त्याचे सगळे पत्ते उठवणाऱ्याला मिळतात. हा शेवटचा नियम हरणाऱ्याने कपाळावर गोंदवून घ्यावा इतका महत्त्वाचा आहे.

ओसरीवरचा हिशेब

त्या दिवशीचा पट प्रस्तुत प्रतिनिधीने वहीत टिपून घेतला. काळ्या सोंगट्यांच्या थोरल्याकडे उत्तर अमेरिकेचे नऊ, युरोपचे सात आणि दक्षिण अमेरिकेतील व्हेनेझुएला असे 17 प्रदेश. लाल सोंगट्यांच्या ताईकडे अखंड आफ्रिका आणि आशियातील नऊ, म्हणजे 15. पिवळ्या सोंगट्यांच्या मधल्या भावाकडे ऑस्ट्रेलिया खंडातील चार आणि त्यालगतचे सयाम, भारत व चीन, म्हणजे सात. हिरव्या सोंगट्यांच्या धाकट्याकडे ब्राझील, पेरू आणि अर्जेंटिना. ब्राझीलमध्ये पाच सैन्ये, पेरूत दोन, अर्जेंटिनात एक. हातात दोन पत्ते.

आता मिळकत पाहा. काळ्याला दर पाळीला प्रदेशांचे 5 आणि दोन खंडांचे 10, असे 15 सैन्य. लालला 8. पिवळ्याला 5. हिरव्याला 3. तिघांचे मिळून 16 होतात आणि एकट्या काळ्याचे 15. धाकट्याला पराभव दिसला तो या आकड्यांत, आणि त्यात त्याची चूक नव्हती. त्याची चूक पुढच्या पायरीत होती. 'मी हरलो' आणि 'आता मी काय करतो याने काही फरक पडत नाही' ही दोन विधाने त्याने एकच मानली.

पहिला मुद्दा सैन्य कोठे ठेवावे याचा. तीन प्रदेश असणाऱ्याला तीन सैन्ये मिळतात आणि अकरा प्रदेश असणाऱ्यालाही तीनच. म्हणजे पडत्या काळात अकराचे पाच प्रदेश झाले तरी मिळकतीत दमडीचाही फरक पडत नाही. असे असूनही नवखे खेळाडू प्रत्येक प्रदेशावर दोन-दोन सोंगट्या ठेवून सगळेच वाचवू पाहतात आणि सगळेच गमावतात. शहाणा माणूस दूरचे प्रदेश एकेका सोंगटीवर सोडून देतो आणि उरलेले सैन्य एका ठिकाणी गोळा करतो. ते ठिकाणही कोणाच्या जाण्यायेण्याच्या वाटेवरचे नसावे.

गोळा केलेल्या सैन्याचे बळ फाशांच्या गणितात आहे. हल्लेखोर जास्तीत जास्त तीन फासे टाकतो, बचाव करणारा दोन. बरोबरी झाली तर बचाव करणारा जिंकतो. तीन फाशांविरुद्ध दोन, अशा लढतीत हल्लेखोर दोन्ही सोंगट्या मारण्याची शक्यता सुमारे 37 टक्के, दोन्ही गमावण्याची सुमारे 29 टक्के आणि एकेक जाण्याची सुमारे 34 टक्के. सरासरी काढली, तर बचाव करणाऱ्याच्या दहा सोंगट्या मारण्यासाठी हल्लेखोराला साडेआठच्या आसपास सोंगट्या खर्ची घालाव्या लागतात. धाकट्याच्या पाळीचे नवे तीन धरून ब्राझीलमध्ये आठ सैन्ये उभी राहिली असती. त्याला खाणे कोणालाही अशक्य नव्हते. पण जो खाईल त्याच्या दातांना कण्या लागणार होत्या. दुबळ्याने बलवान दिसण्याची गरज नसते. महाग दिसले म्हणजे पुरते.

दुसरा मुद्दा पत्त्यांचा. हातात चार-पाच पत्ते आणि पटावर विखुरलेले थोडे सैन्य, ही हरणाऱ्याची सर्वांत वाईट अवस्था. त्याला मारले की मारणाऱ्याला घबाड मिळते आणि काही वेळा त्याच पाळीत संच मोडून आणखी पुढे धडक देता येते. दोनच पत्ते असलेला खेळाडू त्या मानाने कंगाल, आणि कंगालाच्या घरी दरोडा पडत नाही. म्हणून केवळ एका पत्त्यासाठी व्हेनेझुएलावर तुटून पडण्याचा मोह त्याने आवरणे इष्ट होते. व्हेनेझुएला मिळाला असता, दक्षिण अमेरिका पुरी झाली असती, दोन सैन्यांची भरही मिळाली असती; मात्र ती भर पुढल्या पाळीला मिळते आणि तोवर मध्य अमेरिकेतून काळ्याची पंधरा सैन्ये खाली उतरली असती.

विकण्याजोगी एक वस्तू

मग त्याने करायचे काय? येथेच खेळ खऱ्या अर्थाने सुरू होतो. ब्राझील आणि उत्तर आफ्रिका यांची सरहद्द पटावर एकमेकांना लागून आहे. ताईने उत्तर आफ्रिकेत सहा सैन्ये अडकवून ठेवली होती, ती केवळ ब्राझीलकडून हल्ला होईल या धास्तीने. धाकट्याच्या राज्यात विकण्याजोगी एकच वस्तू होती - ही शांत सरहद्द. 'ताई, मी आफ्रिकेत पाऊल टाकणार नाही. तू तिथले सैन्य मोकळे कर आणि युरोपात जा,' एवढे सांगायला फासे लागत नाहीत.

उत्तर आफ्रिकेतून दक्षिण युरोपवर सरळ हल्ला करता येतो. कामचात्काही ताईकडेच होता आणि तेथून अलास्का एका पावलावर. काळ्याचा युरोपातला एकच प्रदेश पडला, तर त्याची मिळकत 15 वरून 10 वर येते. अलास्काही पडला, तर दोन्ही खंड मोडतात आणि उरतात 15 प्रदेशांचे 5. दोन प्रदेश आणि मिळकत तिपटीने कमी! पाळीचा क्रमही अनुकूल होता - धाकट्यानंतर ताई, मग मधला, मग थोरला. म्हणजे काळ्याचे पंधरा सैन्य पटावर उतरण्याआधीच ते रोखता येत होते. तिसरी सोंगटी पिवळी. ताईचे सैन्य युरोपात गुंतल्यावर मधल्या भावाने आशियात तिच्या पाठीत वार केला, तर हा डोलारा कोसळतो. म्हणून धाकट्याने त्यालाही गाठून सांगायला हवे होते, की ताई पडली तर पुढचा नंबर तुझा आणि तेव्हा तुझ्या मदतीला मीही नसेन.

यात कपट काहीच नाही. खरी माहिती योग्य वेळी योग्य माणसाला सांगणे, एवढेच आहे. बहुधा पटावरच्या बाकीच्यांना हे आकडे दिसतच नसतात, कारण प्रत्येक जण स्वतःच्या सोंगट्या मोजत बसलेला असतो. हरणाऱ्याजवळ मोजायला स्वतःचे फारसे नसते. त्याला दुसऱ्यांचे मोजायला सवड मिळते.

धोकाही सांगितला पाहिजे. ताईला उत्तर आफ्रिकेतून धाकट्यालाच उठवावेसे वाटले असते तर? तिची सहा आणि नवी आठ, अशी चौदा सैन्ये ब्राझीलच्या आठांवर गेली असती, तर बहुधा तीच जिंकली असती, पण जिंकूनही ती इतकी थकली असती की पुढल्या फेरीत काळ्याच्या तडाख्यात सापडली असती. हे तिला समजावणे हाही धाकट्याच्याच कामाचा भाग. बोलणी सुरू करताना 'मला वाचव' असे म्हणू नये. समोरच्याच्या नुकसानीचा हिशेब आधी मांडावा.

खर्ड्याची गढी

हा सगळा पोरखेळ वाटत असेल, तर वाशीहून भूममार्गे खर्ड्याला जावे. खर्डा आज अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात आहे. तेथे 11 मार्च 1795 रोजी मराठे आणि हैदराबादचा निजाम अली खान यांची गाठ पडली. पेशवे सवाई माधवराव, नाना फडणवीस, दौलतराव शिंदे, तुकोजी होळकर, नागपूरकर भोसले असे सारे मराठे सरदार एका झेंड्याखाली आले, ते येथेच आणि अखेरचेच. सेनापतिपद परशुरामभाऊ पटवर्धनांकडे होते. निजामाने इंग्रजांकडे मदत मागितली होती. गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर याने तटस्थ राहणे पसंत केले. पराभूत निजाम खर्ड्याच्या गढीत शिरला, पाणी तोडले गेले आणि त्याने तह पत्करला.

तहाची कलमे जबर होती. परांड्यापासून उत्तरेला तापीपर्यंतचा सरहद्दीचा मुलूख दौलताबादच्या किल्ल्यासह द्यायचा. थकलेली चौथ आणि युद्धखर्च मिळून तीन कोटी रुपये द्यायचे. आणि दिवाण मुशीर-उल्-मुल्क याला मराठ्यांच्या स्वाधीन करायचे. पटाच्या भाषेत सांगायचे, तर निजाम तीन प्रदेश आणि दोन पत्ते घेऊन कोपऱ्यात बसला होता.

पुढे काय झाले? सवाई माधवराव 27 ऑक्टोबर 1795 रोजी शनिवारवाड्यात वारले. खर्ड्याला आठ महिनेही झाले नव्हते. गादीच्या प्रश्नावरून विजेत्यांत फूट पडली. नाना एका बाजूला, परशुरामभाऊ आणि शिंदे दुसऱ्या. मध्ये रघुनाथरावांचे पुत्र बाजीराव आणि चिमाजी. पारडे इतके फिरले, की खर्ड्याचा सूत्रधार नाना फडणवीस जीव वाचवण्यासाठी महाडला जाऊन राहिला. त्याला आता मित्र हवे होते. मुशीर-उल्-मुल्क पुण्यातच नजरकैदेत होता आणि हे सारे अगदी जवळून पाहत होता. ऑक्टोबर 1796 मध्ये महाडचा तह झाला. निजामाने नानाच्या योजनेला पाठिंबा द्यायचा आणि बदल्यात खर्ड्याला गमावलेला मुलूख व पैशाचे बंधन यांतून त्याची सुटका व्हायची. दिवाण कैदेतून मोकळा झाला. डिसेंबरात दुसरे बाजीराव पेशवे झाले. सारी कलमे शब्दशः पाळली गेली नाहीत, तरी खर्ड्याला गेलेल्यातला मोठा भाग निजामाने लढाई न करता परत मिळवला.

विजेत्यांची एकजूट हीच त्यांची ताकद होती आणि ती टिकली नाही. महादजी शिंदे 1794 मध्येच गेले होते. निजामाने खर्ड्यानंतर केले काय, तर तो उरला. शेवटच्या सोंगटीपर्यंत लढून नाहीसा झाला नाही, रागाच्या भरात मुलूख तिसऱ्याच कोणाला देऊन मोकळा झाला नाही. तो पटावर राहिला आणि जिंकणाऱ्यांना एकमेकांविरुद्ध त्याची गरज पडेपर्यंत थांबला. यातला नशिबाचा वाटा नाकारण्यात अर्थ नाही. एकविशीतल्या पेशव्याचा मृत्यू कोणाच्या हिशेबात नव्हता. मात्र ज्याच्या सोंगट्या पटावर नाहीत, त्याच्या वाट्याला नशीबही येत नाही.

गोष्ट येथे संपली असती, तर निजामाचे कौतुक करून मोकळे होता आले असते. परंतु 1 सप्टेंबर 1798 रोजी त्याने इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली, आपली फ्रेंच अधिकाऱ्यांखालची पलटणे मोडली आणि 1800 मध्ये फौजेच्या खर्चापोटी मुलूखही तोडून दिला. बलाढ्य खेळाडूच्या पदरी राहून जीव वाचवायचा, पण स्वतःचा डाव कायमचा गमवायचा, हा हरणाऱ्यापुढचा आणखी एक मार्ग. त्याची फळे या भागाने भोगली. 1818 मध्ये पेशवाई बुडाली. खर्ड्याला हरलेल्याचे राज्य मात्र सप्टेंबर 1948 च्या पोलिस कारवाईपर्यंत टिकले, आणि वाशी-भूम-कळंबच्या माणसांना स्वातंत्र्यासाठी उर्वरित देशापेक्षा तेरा महिने अधिक थांबावे लागले. शेवटच्या निजामाचे नाव मिरवणाऱ्या उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव 2023 मध्ये धाराशिव झाले.

खेळाची आणि युद्धाची तुलना एका मर्यादेपलीकडे ताणू नये, हेही खरे. ओसरीवरच्या सोंगट्या पुन्हा डब्यात जातात. खर्ड्याच्या माळावर पडलेली माणसे उठली नाहीत.

तेवीस देऊन बारा

हरता डाव खेळण्याचा मराठी इतिहासातील श्रेष्ठ नमुना कोणता, असे विचारले तर पुरंदरचा तह हेच उत्तर येईल. जून 1665 मध्ये मिर्झा राजा जयसिंगाच्या वेढ्यापुढे शिवाजी महाराजांनी 23 किल्ले मोगलांना दिले आणि 12 ठेवले. ठेवलेल्यांत राजगड, तोरणा आणि रायगड होते. किती दिले याची चर्चा नेहमी होते. काय ठेवले याची कमी होते. शिवाय पटावर तिसरा खेळाडू होता - विजापूरची आदिलशाही. तहानंतर महाराज मोगलांच्या बाजूने त्या आघाडीवर गेले, म्हणजे विजेत्याच्या सैन्याला दुसरे काम मिळाले. पाच वर्षांच्या आत, 4 फेब्रुवारी 1670 रोजी सिंहगड परत घेण्यापासून देणे वसूल करायला आरंभ झाला.

आपल्या परांड्याचेही उदाहरण आहे. 1600 मध्ये अकबराच्या फौजांनी अहमदनगर घेतले, निजामशाही बुडाल्यातच जमा होती. मलिक अंबरने राजघराण्यातील एका तरुणाला मुर्तजा निजामशहा म्हणून गादीवर बसवले आणि परांड्याहून कारभार सुरू केला. राजधानी गेली तरी पटावरील सोंगटी ठेवायची, ती कोपऱ्यात का होईना. हे राज्य त्यानंतर 36 वर्षे चालले.

फासे नसलेला खेळ

'रिस्क'मध्ये फाशांवर दोष ढकलता येतो. 'डिप्लोमसी'त ती सोय नाही. अ‍ॅलन कॅलहॅमर या अमेरिकी गृहस्थाने रचलेला आणि 1959 मध्ये प्रसिद्ध झालेला हा खेळ पहिल्या महायुद्धापूर्वीच्या युरोपच्या नकाशावर सात जण खेळतात. 34 केंद्रांपैकी 18 मिळवणारा जिंकतो. प्रत्येक जण आपल्या चाली गुपचूप कागदावर लिहितो आणि त्या एकाच वेळी उघडल्या जातात. सर्व पथकांची ताकद समान असते. एकाने दुसऱ्याला पाठबळ दिल्याशिवाय कोणी कोणाला हटवू शकत नाही. म्हणजे ज्याच्याकडे एकच पथक उरले आहे, त्याचे पाठबळही तितक्याच किमतीचे.

येथे हरणाऱ्याला नियमानेच एक आशा ठेवली आहे. कोणालाही 18 केंद्रे मिळाली नाहीत आणि उरलेल्यांनी बरोबरी मान्य केली, तर पटावर ज्यांची पथके शिल्लक आहेत त्या सर्वांचा वाटा सारखा. बारा केंद्रांवाल्याचा जेवढा, तेवढाच एका केंद्रावाल्याचा. म्हणून आघाडीवरचा खेळाडू पंधरा-सोळा केंद्रांपर्यंत पोचला की कालपर्यंत दुर्लक्षिलेल्या छोट्याकडे सगळ्यांची पावले वळतात. नकाशावर अशा काही ओळी आहेत, की त्यांवर मोजकी पथके एकमेकांच्या आधाराने उभी राहिली तर समोर कितीही बळ असले तरी ती फुटत नाहीत. अशा ओळीतला एखादा दगड होऊन बसणे, हे दुबळ्याचे सर्वोत्तम आसन. मात्र ही किंमत फार लवकर मागू नये. आघाडीवाला आठ-नऊ केंद्रांवर असताना कोणाला घाई नसते. तेव्हा छोट्याला गिळणेच सर्वांना सोयीचे वाटते.

'दादाला नको मिळायला'

आता त्या वाक्याकडे वळू. आपण जिंकणार नाही हे कळल्यावर कोणी जिंकावे हे ठरवण्याची ताकद हरणाऱ्याच्या हाती येते. पराभूताची ही सत्ता खेळात सर्वाधिक भांडणे लावते. 'मी तर बुडालो, तुलाही बुडवतो' ही धमकी म्हणून उपयोगी पडू शकते. शेजारी हल्ला करण्यापूर्वी दोनदा विचार करतो. ती अमलात आणली की तिची किंमत शून्य, कारण त्यानंतर विकायला काही उरत नाही. काही मंडळी मात्र सांगतात, की त्याच चौघांत पुन्हा पुन्हा खेळायचे असेल, तर ज्याने दगा दिला त्याला एकदा धडा शिकवणे पुढच्या डावात कामी येते. यात तथ्य आहे. पण धडा दग्याबद्दल असावा, नुसत्या आघाडीबद्दल नसावा.

प्रस्तुत प्रतिनिधीने लहानपणी एका चुलतभावावरच्या रागातून आपला सगळा मुलूख दुसऱ्याला देऊन टाकला होता. 'व्यापार' होता तो, मुलूख कसला, मुंबई-दिल्लीची तिकिटे. तो भाऊ सबंध दिवाळी बोलला नाही. कोण जिंकले हे आता दोघांनाही आठवत नाही. त्याने अबोला का धरला हे मात्र दोघांना पक्के आठवते. हरल्याचे दुःख एका डावाचे असते; आपला विजय कोणीतरी रागाने दुसऱ्याला वाटून टाकला, हे दुखणे लांबते. म्हणून देणे द्यायचेच असेल, तर त्याचा मोबदला घ्यावा. सौदा झाला तर समोरच्यालाही तो खेळ वाटतो. फुकट दिले की ते वैर वाटते.

ओसरीवर त्या दिवशी धाकट्याला हे सारे सांगितले नाही. सहावीतल्या मुलाला निजाम आणि महाडचा तह सांगून काय होणार? उत्तर आफ्रिकेतल्या त्या सहा लाल सोंगट्यांकडे बोट करून एवढेच विचारले, की ताईने या येथे कशासाठी ठेवल्या असतील? तो बराच वेळ पटाकडे पाहत राहिला. मग तीन हिरव्या सोंगट्या उचलून ब्राझीलवर ठेवल्या आणि ताईच्या कानाशी जाऊन काहीतरी पुटपुटला. थोरल्याने लगेच हरकत घेतली, ''मामा, कानात बोलायचं नाही असा नियम आहे ना?'' असा नियम नाही, असे सांगावे लागले.

ताईने फासे उचलले आणि दक्षिण युरोपवर हल्ला जाहीर केला. पहिल्याच फेकीत तिच्या दोन सोंगट्या गेल्या. दुसरी फेक होण्याआधी वीज गेली आणि चौघेही मोबाइलच्या उजेडात आपापल्या सोंगट्या कोणी हलवीत नाही ना, यावर नजर ठेवून बसले.